जुन्या फियाटचं ट्यूनिंग घरच्या घरी: कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी

गाडी सकाळी चोक ओढूनही लवकर लागत नाही, स्लोवर (ॲक्सिलरेटर सोडल्यावर) बंद पडते, खंबाटकी घाट चढताना तिसऱ्यात ओढ राहत नाही. बॉनेट उघडलं की बहुतेकांचा स्क्रू ड्रायव्हर पहिल्यांदा कार्बोरेटरवर जातो. तो समोर दिसतो आणि त्याचा स्क्रू फिरवला की आवाज लगेच बदलतो. आवाज बदलला म्हणजे दोष गेला असं नव्हे. खरं तर पॉइंटची, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची, टाच झिजून गॅप कमी झालेला असतो, त्यामुळे टायमिंग, म्हणजे प्लगवर ठिणगी पडायची वेळ, मागे गेलेलं असतं आणि आपण मिक्श्चर (हवेतलं पेट्रोलचं प्रमाण) वाढवून ते झाकतो. पंधरा दिवसांत प्लग काळे होतात, म्हणून नवे प्लग येतात. तरी मिसिंग (इंजिनचे मधेच ठोके चुकणं) जात नाही, म्हणून नवी कॉइल. शेवटी कार्बोरेटरचं किट. पैसा मुरतो तो इथे. मेकॅनिकची मजुरी त्या मानाने किरकोळ असते.

पुढचा क्रम प्रीमियर पद्मिनी आणि फियाट ११०० डिलाइट डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. पेट्रोल अँबॅसडरलाही तो चालतो, फक्त एसयू कार्बोरेटर असेल तर सहाव्या टप्प्यातली स्क्रूची माहिती लागू नाही. क्रम असा: कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), टॅपेट (व्हॉल्व्हवरचा गॅप), पेट्रोलची वाट, करंट, टायमिंग आणि मग कार्बोरेटर. टॅपेट बिघडलेले असतील तर कॉम्प्रेशन खोटं दिसतं. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग आपोआप हलतं. टायमिंग चुकलेलं असताना लावलेलं स्लो सेटिंग टायमिंग दुरुस्त केल्यावर पुन्हा बिघडतं. मधला एक टप्पा गाळला तर पुढचं सगळं काम दोनदा करावं लागतं.

## तयारी: शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ

काम दोन भागांत करा. कॉम्प्रेशन कोमट इंजिनवर बघायचं असतं आणि टॅपेट बहुधा थंड इंजिनवर लावायचे असतात. म्हणून शनिवारी संध्याकाळी एक चक्कर मारून आल्यावर कॉम्प्रेशन बघा, गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि रविवारी सकाळी पुढचं काम घ्या. सगळं एका दुपारी उरकायला गेलं की टॅपेट गरम इंजिनवर लागतात, ही हमखास होणारी चूक.

हत्यारं फार नाहीत. फीलर गेज (०.०५ पासून १ मिमीपर्यंत पात्या असलेलं), आत रबर असलेला प्लग पाना, मिलिमीटर मापाचे रिंग पाने, छोटे-मोठे दोन स्क्रू ड्रायव्हर, साधा मल्टिमीटर आणि दोन वायरी जोडलेला १२ व्होल्ट ५ वॉटचा पार्किंग बल्ब. बल्ब ५ वॉटचाच घ्या. इंडिकेटरचा २१ वॉटचा लावला तर तो मंद लागतो आणि पॉइंट नेमका कधी उघडला ते कळत नाही. कॉम्प्रेशन गेज दुकानातून किंवा ओळखीच्या गॅरेजमधून एका संध्याकाळपुरतं मागून आणता येतं. अँबॅसडरला इंची पाने लागतात. तिथे मिमीचे पाने घुसवून बोल्टची डोकी गोल करू नका.

सामान आधी आणून ठेवू नका. तपासणी झाल्यावर जे खराब निघेल त्याचीच यादी करा. ठरलेलं लागतं ते एवढंच: पॉइंट सेट, कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारी छोटी डबी), टॅपेट कव्हरचं पॅकिंग, पेट्रोलची नळी आणि क्लिपा, पारदर्शक पेट्रोल फिल्टर. जुना भाग नमुना म्हणून खिशात ठेवूनच दुकानात जा. साताऱ्यात किंवा सांगलीत नाही मिळाला, तर पुण्याची नाना पेठ किंवा मुंबईचं ऑपेरा हाऊस. पॉइंट "फियाटचा" एवढंच सांगून मागवला तर चुकीचा येण्याची शक्यता मोठी, कारण या गाड्यांवर वेगवेगळ्या बनावटीचे डेल्को (डिस्ट्रिब्युटर, म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) बसलेले असतात. आपला कोणता आहे ते त्याच्या अंगावरच्या पट्टीवर वाचून घ्या.

कशालाही हात लावण्याआधी फोनवर फोटो काढा. प्लगच्या चारही वायरींना चिकटपट्टी लावून १, २, ३, ४ आकडे घाला. रेडिएटरकडचा सिलिंडर एक नंबरचा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२, आणि ती डेल्कोच्या कॅपवर रोटर (आतला फिरता तुकडा) ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने मोजायची. एक वही जवळ ठेवा. आधी किती होतं, नंतर किती केलं, हे दोन्ही लिहा.

सावधान: पेट्रोलचं काम उघड्यावर करा. जवळ चूल, देवघरातला दिवा, बिडी काही नको. पावडरचा छोटा अग्निशामक किंवा निदान वाळूची बादली हाताशी ठेवा. इंजिन चालू असताना गळ्यात टॉवेल, उपरणं, ओढणी नको, पंखा ते ओढून घेतो.

## १. कॉम्प्रेशन: ट्यूनिंगला अर्थ आहे का ते आधी कळतं

इंजिन कोमट असावं, पण हात टेकवता आला पाहिजे. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. कडक गरम असताना प्लग सोडवला तर आटे उपटून येतात आणि मग लेथवाल्याकडे नवे आटे बसवून घेण्याचा खर्च अंगावर येतो.

प्लग काढण्याआधी खोबणीतली धूळ सायकलच्या पंपाने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. चारही प्लग काढा आणि काढलेल्या क्रमानेच पुठ्ठ्यावर मांडून ठेवा, त्यांचा रंग पुढे लागणार आहे. कॉइलची डेल्कोकडे जाणारी बारीक वायर सोडवा. मग कोणीतरी ॲक्सिलरेटर तळाशी दाबून धरावा आणि स्टार्टर पाच-सहा वेळा "घुर्र" होईपर्यंत मारावा. ॲक्सिलरेटर न दाबता घेतलेलं माप कमी येतं आणि माणूस उगाच हबकतो.

चारही आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघा. १२०, ११८, १२२, ११५ पीएसआय आले तर पुढे जा. एखादा १५ टक्क्यांपेक्षा जास्त खाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा गेल्यात. जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर हेड गॅस्केट.

व्हॉल्व्हचा संशय असेल तर घाबरू नका. टॅपेट जास्त आवळले गेले असले तरी हाच आकडा येतो. दुसरा टप्पा करून पुन्हा मोजा. त्यानंतरही कमी असेल, तर ट्यूनिंगवर एक रुपयाही घालू नका. आधी हेड उतरवावं लागणार आहे.

## २. टॅपेट: थंड इंजिन, आठ व्हॉल्व्ह, चार वेळा फिरवणं

रविवारी सकाळी चहाच्या आधी. टॅपेट कव्हर काढा आणि प्लग बाहेरच राहू द्या, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. गाडी सपाटीवर चौथ्या गिअरमध्ये टाकून हलकेच पुढे ढकलली की इंजिन हवं तितकंच फिरवता येतं. ढकलायला एक आणि बघायला एक, अशी दोन माणसं लागतात.

एका सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह "झुलत" असतात, म्हणजे एक बंद होत आलेला आणि दुसरा उघडू लागलेला असतो, तेव्हा त्याच्या जोडीच्या सिलिंडरचे दोन्ही टॅपेट मोकळे असतात. त्याचं कोष्टक:

- चारचे झुलताना एकचे लावा.
- दोनचे झुलताना तीनचे लावा.
- एकचे झुलताना चारचे लावा.
- तीनचे झुलताना दोनचे लावा.

गॅपचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. इनटेक आणि एक्झॉस्टचे आकडे वेगळे असतील तर कोणता व्हॉल्व्ह कोणता ते मॅनिफोल्डच्या नळ्या बघून ठरवा, अंदाजाने नको. आकड्यापुढे "थंड" लिहिलंय की "गरम" हेही वाचा. पाती आत घातल्यावर ती हलकी घासत सरकली पाहिजे. अडकली तर घट्ट आहे, खुळखुळली तर सैल.

चूक होते ती लॉक नट आवळताना. स्क्रू नटाबरोबर किंचित फिरतो आणि गॅप पुन्हा कमी होतो. म्हणून नट आवळून झाल्यावर पाती परत घाला. आवळण्याआधीचं माप धरायचं नाही.

टॅपेटचा टकटक आवाज नको म्हणून ते घट्ट करून देणारे पुष्कळ. आवाज करणारा टॅपेट फक्त कानाला त्रास देतो. गप्प केलेला टॅपेट व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

तपासा: मागच्या वेळी वहीत लिहिलेल्या आकड्यापेक्षा एक्झॉस्टचा गॅप दर वेळी आपोआप कमी होत असेल, तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत चाललाय. २००० सालापासून पेट्रोलमधलं शिसं गेलं आणि जुन्या बिडाच्या हेडमधल्या सीटला मिळणारं त्याचं संरक्षणही गेलं. अँबॅसडरवाल्यांनी यावर विशेष लक्ष ठेवावं. हेड पुढे कधी उतरेल तेव्हा कडक सीट बसवून घ्यायची एवढं टिपून ठेवा.

## ३. पेट्रोलची वाट: टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत

२०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर आलं. आपल्याच ऊसपट्ट्यातली मळी आता आपल्याच जुन्या गाड्यांच्या नळ्या खाते आहे. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि मऊ करतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा आणि गंज सोडवून पुढे पाठवतं, वर हवेतलं पाणीही ओढून घेतं. गाडी कधी चालते, कधी बंद पडते असा दोष असेल तर बहुतेक वेळा तो इथेच सापडतो.

टाकी मागे खाली आणि पंप पुढे इंजिनला, म्हणजे टाकी ते पंप हा भाग ओढीवर चालतो. या भागातल्या नळीला बारीक भेग पडली तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. "थेंब गळत नाही, म्हणजे नळी ठीक" हे पंपाच्या पुढच्या नळीला लागू आहे, मागच्या नळीला नाही. नळी दोन बोटांत वाकवून बघा. वाकवल्यावर वरच्या बाजूला केसासारख्या रेघा दिसल्या, किंवा दाबल्यावर ती शिळ्या भाकरीसारखी कडक वाटली, की बदला.

नवी नळी घेताना तिच्या अंगावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं बघा. ही इथेनॉलला टिकते. मोटरसायकलची पारदर्शक प्लास्टिक नळी तात्पुरती म्हणूनही नको. गरम इंजिनाजवळ ती ढिली पडते आणि निसटते. आतल्या व्यासासाठी जुन्या नळीचा तुकडा बरोबर न्या. क्लिप इतकी आवळू नका की रबर कापलं जाईल.

फिल्टर पंपाच्या आधी, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब आणि डोळ्यांना दिसेल असा बसवा, बाण पंपाकडे. इथेनॉलचं पेट्रोल पहिल्यांदाच भरायला लागला असाल तर पहिला फिल्टर लवकर भरतो. तो दोनशे-तीनशे किलोमीटरला बघा.

मग पंप तपासा. कॉइलची बारीक वायर सोडवलेलीच असू द्या. कार्बोरेटरकडची नळी काढून तिचं तोंड बाटलीत धरा आणि स्टार्टर मारा. प्रत्येक झटक्याला ठसठशीत धार आली पाहिजे. धारेत बुडबुडे असतील तर ओढीच्या बाजूला हवा शिरतेय.

तपासा: ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पातळी वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पंपाचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल खाली इंजिनात उतरतंय. अशा अवस्थेत गाडी सुरू करू नका. पडदा बदला, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, मगच पुढे जा. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगांना वाचवत नाही आणि तो खर्च ट्यूनिंगच्या शंभरपट असतो.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. मोकळ्या जागेतल्या दमट हवेचं पाणी पेट्रोलमध्ये उतरतं. भरून ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी एकदा फिरवा.

## ४. करंट: पॉइंट, कंडेन्सर, कॅप, प्लग

कॅप काढा, रोटर ओढून काढा. खाली पॉइंट दिसतो. दोन्ही तोंडं उघडून बघा. चांगला पॉइंट राखाडी आणि सपाट असतो. झिजलेल्या पॉइंटच्या एका तोंडावर टाचणीच्या टोकाएवढं टेंगूळ आणि समोरच्यावर तेवढाच खड्डा दिसतो. अशा पॉइंटमध्ये फीलर गेज घालून घेतलेलं माप खोटं, कारण पाती टेंगळावर टेकते आणि खरा गॅप त्यापेक्षा मोठा असतो. पॉलिश पेपरने टेंगूळ घासून महिनाभर ढकलता येतं, पण नवा पॉइंट इतका स्वस्त आहे की घासण्यात वेळ घालवू नये.

तोंडं निळी-काळी जळलेली दिसली तर दोष पॉइंटचा नाही, कंडेन्सरचा. इंजिन चालू असताना पॉइंटवर मोठा निळा स्फुल्लिंग दिसणं ही त्याचीच खूण. आणि इथे एक कटू गोष्ट: आजकाल नव्या डबीतला कंडेन्सरही खराब निघतो. जुना चालत असेल तर तो फेकू नका, डिकीत ठेवा.

नवा पॉइंट बसवण्याआधी डेल्कोचा दांडा बोटांनी आडवा हलवून बघा. जाणवेल इतका हलत असेल तर बुश झिजलेत. पॉइंट बसवल्यावर दांड्यावरच्या चारही उंचवट्यांवर गॅप मोजा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर कितीही ट्यूनिंग करा, एखादा सिलिंडर नेहमी चुकीच्या वेळी पेटणार. बुश लेथवर करून घ्यावे लागतात. या सगळ्या कामात बाहेर देण्यासारखं असलं तर हे एवढंच.

गॅप लावायचा तो असा:

1. इंजिन फिरवत पॉइंटची फायबरची टाच उंचवट्याच्या अगदी माथ्यावर आणा.
2. फीलर गेजची पाती कोरड्या कागदाने पुसा. पातीवरचं तेल पॉइंटवर राहिलं तर ते जळून काळं होतं आणि दोन दिवसांत मिसिंग सुरू.
3. पॉइंटचा स्क्रू किंचित सैल करून गॅप ०.४० मिमी करा. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.
4. स्क्रू आवळा आणि पुन्हा मोजा. आवळताना गॅप इथेही हलतो.
5. उंचवट्यांना तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस लावा. रोटरखालच्या फेल्टवर एक थेंब ऑइल सोडा. दुसरा थेंब नको.

छोट्या वायरी आणि त्यांच्या फायबरच्या चकत्या जशा निघाल्या तशाच क्रमाने बसवा. एक चकती चुकीच्या बाजूला गेली की पॉइंट कायमचा अर्थ होतो (इंजिनच्या लोखंडाला जोडला जातो) आणि करंटच येत नाही. नवा पॉइंट बसवला आणि गाडी अजिबातच लागेना, असं झालं तर सगळ्यात आधी इथे बघा.

कॉइल बदलण्याआधी मोजा. दोन्ही वायरी सोडवून बारीक टोकांमध्ये साधारण ३ ओहम, आणि बारीक टोकापासून मधल्या जाड वायरीच्या खोबणीपर्यंत ५ ते १० किलो-ओहम आले तर कॉइलला दोष देऊ नका. बॅटरी स्टार्टर मारताना ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर कमजोर करंटचं कारण तीच आहे.

कॅप उजेडात तिरकी धरून आतून बघा. पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ती भेग आहे. साताऱ्याच्या पावसात सकाळी न लागणाऱ्या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्यांचा दोष या रेघेतच असतो. दमट हवेत करंट तिच्यावरून पळतो. सगळं जोडून झाल्यावर रात्री अंधारात इंजिन चालू करून बॉनेट उघडा. वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायरी बदला. त्या वेळी वायर हाताने धरू नका.

आता पुठ्ठ्यावरचे प्लग बघा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिक्श्चर जास्त. ओला तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय, आणि त्याला प्लग बदलणं हे उत्तर नाही. चुन्यासारखा पांढरा म्हणजे पेट्रोल कमी किंवा टायमिंग चुकलेलं. इथेनॉलच्या पेट्रोलवर रंग पूर्वीपेक्षा थोडा फिकटच दिसतो, लगेच जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) बदलायला धावू नका. प्लगचा गॅप ०.६ मिमी ठेवा आणि तो बाहेरचा वाकडा पाय हलवूनच करा, मधल्या काडीला जोर लावला की पोर्सेलिन फुटतं. प्लग आधी बोटांनी फिरवत पूर्ण बसवा, मग नव्या वॉशरला अर्धा फेरा. जुनाच प्लग परत बसवत असाल तर जेमतेम अष्टमांश फेरा पुरे.

## ५. टायमिंग: पाच वॉटच्या बल्बने

गॅप लागल्याशिवाय हा टप्पा सुरू करायचा नाही. गॅप वाढला की टायमिंग पुढे जातं, कमी झाला की मागे.

एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन फिरवा. आतून हवा अंगठा उडवू लागली की ती कॉम्प्रेशनची फेरी. आता पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ठिकाणी आणा. खूण ओलांडली तर उलटं फिरवून परत आणू नका. इंजिन उलट फिरवलं की दात्यांमधली ढील मोजमापात येते. बरंच मागे नेऊन पुन्हा पुढच्या दिशेनेच खुणेवर या. कॅप काढून बघा, रोटर एक नंबरच्या वायरीकडे तोंड करून असला पाहिजे. तीनकडे किंवा दोनकडे बघत असेल तर डेल्को दात चुकवून बसवलाय. चारकडे असेल तर तुम्ही चुकीच्या फेरीवर आहात.

बल्बची एक वायर कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. किल्ली फिरवा. डेल्कोचा क्लँप सैल करा. डेल्को रोटरच्या दिशेने हळूहळू फिरवा, बल्ब विझेल. आता उलट दिशेने केसभर-केसभर फिरवा. ज्या क्षणी बल्ब लागेल तिथे थांबा. पॉइंट नेमका उघडतोय तो क्षण हा. क्लँप आवळा.

तपासा: किल्ली बंद करून इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवा. पुन्हा किल्ली लावून खुणेकडे येताना बल्ब खुणेवरच लागला पाहिजे. आधी किंवा नंतर लागला तर क्लँप आवळताना डेल्को सरकलाय.

सावधान: पॉइंट मिटलेला असताना किल्ली मिनिटभरापेक्षा जास्त लावून ठेवू नका, कॉइल तापते. बल्ब लावून चहाला गेलेल्यांनी नव्या कॉइली घेतल्या आहेत.

## ६. कार्बोरेटर: आता, आणि थोडाच

आधी हवेची चोरी बघा. इंजिन स्लोवर चालू ठेवून मॅनिफोल्डच्या सांध्यांवर आणि कार्बोरेटरच्या बुडाशी फुलझाडांच्या फवाऱ्याने पाणी मारा. आवाज बदलला तर तिथून हवा शिरतेय. बोल्ट आवळा किंवा पॅकिंग बदला. पेट्रोलचा फवारा मारून हे करणारे लोक दिसतात. गरम एक्झॉस्टजवळ ते करू नका. डेल्कोवर मात्र पाणी उडवू नका.

फ्लोट चेंबरच्या तळाशी पाणी किंवा लाल गाळ दिसला तर जेट काढून कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करा. तारेने नाही. पितळेचं भोक तारेने मोठं होतं आणि ते परत लहान होत नाही. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा शतांश मिलिमीटरमधला असतो, तारेचा एक ओरखडा त्या मापाला पुरेसा आहे.

सेटिंग पूर्ण गरम इंजिनवर, चोक पूर्ण आत असताना:

1. मिक्श्चर स्क्रू हलकेच शेवटपर्यंत आत घाला, मग दीड फेरा बाहेर. दाबून बसवला तर स्क्रूच्या टोकाला वळ पडतो आणि तो कार्बोरेटर पुन्हा कधीच नीट लागत नाही.
2. स्लोचा स्क्रू फिरवून इंजिन मिनिटाला साधारण ८५० फेऱ्यांवर आणा.
3. मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत सगळ्यात वरचा आणि एकसारखा आवाज शोधा.
4. स्लो पुन्हा खाली आणा आणि तिसरी पायरी एकदा परत करा.

स्क्रू अर्धा फेरा इकडे-तिकडे फिरवूनही आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर स्लो जेट चोंदलाय किंवा हवा कुठून तरी शिरतेय. मागे जा. मेन जेट बदलायचा विचार तेव्हाच करा, जेव्हा बाकी सगळं बरोबर असूनही प्लग पांढरे येतात आणि जोर दिल्यावर इंजिन अडखळतं. इथेनॉलमुळे मिक्श्चर पातळ होतं हे खरं आहे, पण एका पायरीपेक्षा पुढे जाऊ नका. ११५ चा असेल तर १२० च्या वर नको. आणि हाताने ड्रिल मारून तर मुळीच नको.

## ७. रस्ता आणि पीयूसी

साताऱ्यात समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाट ही चांगली परीक्षा आहे. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चढा. डब्यात खडे हलवल्यासारखा टिणटिण आवाज आला तर टायमिंग पुढे गेलंय. डेल्को रोटरच्या दिशेने अगदी थोडा फिरवा. आवाज नाही पण गाडी जड वाटते आणि तापमानाचा काटा लवकर वर चढतो, तर टायमिंग मागे आहे. सांगलीकरांना घाट लांब पडतो. त्यांनी सपाट रस्त्यावर चौथ्यात ताशी ३० वरून पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन बघावं, तेच कळतं. महाबळेश्वरला वर गेल्यावर गाडी थोडी जड वाटली तर तिथे स्क्रू फिरवू नका. सातारा साधारण ७४० मीटरवर आहे आणि महाबळेश्वर १,३५० च्या आसपास. हवा विरळ झाली की मिक्श्चर आपोआप जाड होतं आणि खाली उतरलं की पूर्ववत.

शेवटी पीयूसी. ते कागद म्हणून न घेता मापयंत्र म्हणून वापरा. या जुन्या पेट्रोल गाड्यांना स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या वर असेल तर मिक्श्चर स्क्रू पाव फेरा आत घेऊन पुन्हा मोजा. तो कमी आणि हायड्रोकार्बन खूप जास्त असेल तर एखादा सिलिंडर पेटतच नाहीये; चौथ्या टप्प्यावर परत जा, कार्बोरेटरवर नको. दोन्ही आकडे वहीत उतरवा.

नव्या पॉइंटची फायबरची टाच पहिल्या काही दिवसांत बसते आणि गॅप कमी होतो. म्हणून ५०० किलोमीटरला कॅप उघडून गॅप पुन्हा मोजा. ०.३५ च्या खाली आला असेल तर परत ०.४० करा, आणि गॅप बदललात म्हणजे बल्ब पुन्हा जोडून टायमिंगही बघा.